९.३×६२ आणि २८६ ग्रेनची गोळी: तिसऱ्या पायरीवर ग्रुप जुळला, हे खरं मानू का?

साखळीचा_शेट

नमस्कार मंडळी. चवथीसाठी तीन आठवडे गोव्यात साखळीला घरी आलोय. पाऊस असा लागलाय की माटोळीला (गणपतीवर टांगायचं फळा-पानांचं छत) बांधायचे आंबाडे आणि कांगलां ओसरीवर टोपलीत तशीच पडून आहेत, झाडावर चढायला कोणी तयार नाही. हातात वेळ आहे, म्हणून सोबत आणलेली, काडतुसं घरी भरल्याच्या नोंदींची वही उघडून बसलोय आणि डोक्याचा भुगा झालाय.

आधी थोडं सांगतो. मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या गिप्सलँड भागात डिझेल मेकॅनिक आहे. आठ वर्षं झाली. तिथलं गेम लायसन्स आहे, हरणाच्या शिकारीला जातो. रायफल, बंदुकीची दारू, काडतुसं सगळं तिथेच कुलपात. इथे आणलीय ती फक्त वही आणि टार्गेटचे फोटो. निघायच्या आदल्या रात्री जॅकेटच्या खिशात काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली तेव्हा घाम फुटला होता, मोपा विमानतळावर बॅग तपासताना ती निघाली असती तर चवथ कुठे झाली असती कोणास ठाऊक.

रायफल सेकंडहँड, जुन्या माऊजर ॲक्शनवर (बोल्ट बसतो तो सांगाडा) बांधलेली, ९.३×६२, म्हणजे ९.३ मिमी गोळी आणि ६२ मिमी लांब पुंगळीचं काडतूस. नळी ५६ सेंमी, म्हणजे जरा आखूडच. आधी .३०८ वापरायचो. पण तिथलं सांबर म्हणजे मोठा नर अडीचशे किलोपर्यंत जातो, आणि बसतं कुठे तर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत, खोल घळीत. गोळी लागल्यावर शंभर मीटर पळालं तरी संध्याकाळी शोधता शोधता जीव जातो. कायद्याने .२७० कॅलिबर आणि १३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) गोळी ही किमान अट आहे, तेवढ्यात भागतं म्हणणारे खूप आहेत. मला मात्र जड गोळी हवी होती, आडवी-तिरपी लागली तरी आत जाणारी. म्हणून २८६ ग्रेनची वुडले कंपनीची गोळी घेतली, दारू एडीआय कंपनीची एआर२२०८.

दारूच्या वजनाच्या पाच पायऱ्या भरल्या. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा अर्धा ग्रेन वर. दारूचं नेमकं वजन इथे लिहीत नाही, कोणीतरी उचलून आपल्या रायफलीत घालायचा. पहिली पायरी मॅन्युअलच्या (काडतूस भरायच्या तक्त्यांचं पुस्तक) सुरुवातीच्या वजनापेक्षा वर होती आणि पाचवी कमाल वजनाच्या अर्धा ग्रेन खाली, एवढं पुरे. प्रत्येक पायरीची पाच काडतुसं भरली, तीन मारली, दोन राखून ठेवली. १०० मीटर, बेंचवरून, वाळूच्या पिशव्यांवर. ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर:

पहिली: ६८९ मीटर प्रति सेकंद, ग्रुप ३८ मिमी
दुसरी: ६९६, ३१ मिमी
तिसरी: ७०२, २२ मिमी
चौथी: ७१४, ४४ मिमी
पाचवी: ७२२, ५७ मिमी

आता प्रश्न. तिसऱ्या पायरीवर २२ मिमी आलाय, तोच माझ्या नळीचा ‘नोड’ (नळीला मानवणारं दारूचं वजन) समजून तिथे थांबू का? की पाचव्याच्या वर अजून अर्धा ग्रेन चढवून बघू, कारण वेग मस्त येतोय, मॅन्युअलमध्ये कमाल वजनाला सुद्धा ७१८ च दिलाय. पाचव्या पायरीला बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा) उचलताना जरा जड लागला, पण प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगीची टोपी) पाहिले, कडा गोल आहेत, ठीक दिसतात.

---

कुळागरवाला_सत्तरी

शेटा, आमचं कुळागर म्हादईच्या काठाला. गवे येतात, पोफळी अंगाने घासून मोडतात. खेती (माकडं) नारळ काढून खाली टाकतात, खातात कमी आणि नासतात जास्त. आणि आमच्याकडे काय, तर आज्याच्या वेळची एकनळी. ती पण निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. वाजवायची ती आवाजापुरती. मागच्या वर्षी एक सांबर मादी पिल्लाला घेऊन पंपाच्या खोलीमागे तीन दिवस होती, आम्ही पंप लावला नाही. आणि तू तिथे जाऊन सांबर मारतोस! असो, तुझा देश तुझे कायदे.

मला एकच विचारायचं. चुलत्याची .३१५ आहे, लायसन्सची. काडतुसं मिळत नाहीत वेळेवर, मिळाली तर भाव ऐकून बसायला होतं. पुंगळ्या साठवून ठेवल्यात त्याने डब्यात. तू करतोस तसं त्या परत भरता येतील काय?

---

साखळीचा_शेट

नाही बाब, तो विचारच सोड. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. काडतूस तयार करायला सुद्धा वेगळा परवाना लागतो, रायफलीच्या लायसन्सवर ते चालत नाही. चुलत्याचं लायसन्स जायचं ते जायचंच, वर गुन्हा. .३१५ ला खडकीचं २४४ ग्रेनचं काडतूस येतं तेच घ्यायचं, उशिरा का होईना.

सांबराचं म्हणशील तर व्हिक्टोरियात ते मूळचं नाहीच. १८६०च्या दशकात इंग्रजांनी नेऊन सोडलं, आता डोंगरभर झालंय आणि तिथल्या झाडोऱ्याची वाट लावतंय. म्हादई अभयारण्यातलं सांबर मी पण फक्त बघतो. लहानपणी बाबांबरोबर वाळपईला जाताना एकदा रस्त्यात उभं राहिलं होतं, स्कूटरच्या दिव्यात डोळे हिरवे. ते अजून आठवतं.

---

पेडण्याचा_किवी

शेट, मी न्यूझीलंडला, पेडणे सोडून सोळा वर्षं झाली. त्यातली बारा ९.३×६२ बरोबर. तुझी पोस्ट वाचताना ग्रुपकडे माझं लक्षच गेलं नाही. बोल्टपाशी थांबलो.

तू स्वतःच लिहिलंयस बघ. मॅन्युअलचा ७१८ हा कमाल वजनाचा वेग, आणि मॅन्युअलवाले सहसा ६० सेंमी नळीतून मोजतात. तुझी ५६. चार सेंटीमीटर आखूड म्हणजे ढोबळमानाने दहा मीटर प्रति सेकंद कमी यायला पाहिजेत. म्हणजे कमाल वजनाला तुझ्याकडे ७०८ च्या आसपास. आणि तुला कमालच्या अर्धा ग्रेन खाली असताना ७२२ मिळतायत! दारू फुकटात वेग देत नाही रे. जास्त वेग आला तर तो दाबातूनच आला. ९.३×६२ ची मर्यादा ३९०० बार आहे, आणि ती १९०५ साली ओटो बॉकने जर्मन वसाहतीतल्या शेतकऱ्यांसाठी बनवली तेव्हा मुद्दाम सौम्य ठेवली होती, साध्या माऊजरमध्ये आफ्रिकेच्या उन्हात पण पुंगळी अडकू नये म्हणून. जुन्या ॲक्शनमध्ये ती सवलत खाऊन टाकू नकोस.

प्रायमर बघून दाब सांगणं म्हणजे फणस न कापता गरे मोजणं. काही प्रायमर जात्याच कडक असतात, मर्यादा ओलांडून कितीतरी पुढे गेलं तरी गोल कडा घेऊन बसतात. बोल्ट जड लागला ही खरी बातमी. तिथेच पाचवी पायरी संपली. चढवायचं सोड, उरलेली दोन काडतुसं मारू पण नकोस. चौथीची पण नको. परत गेलास की गोळ्या ओढून काढ, दारू वेगळी कर.

आता हे का झालं असेल? माझ्या अनुभवात तीन जागा तपासायच्या. एक, पुंगळी. कुठल्या कंपनीची वापरलीस ते लिहिलं नाहीस. जाड भिंतीची पुंगळी आतून लहान, तेवढ्याच दारूला दाब जास्त. कोणी कोणी .३०-०६ च्या पुंगळीचं तोंड रुंद करून ९.३ बनवतात, मला ते कधी पटलं नाही, बुडाचा व्यास थोडा कमी पडतो. दोन, गोळी किती आत बसवलीस. २८६ ची लांब असते, काडतुसाची कमाल लांबी ८३.६ मिमी, त्यात बसवायची म्हणजे बूड आत दारूत घुसतं. आणि तुझ्या नळीत आटे (आतल्या पिळाच्या खाचा) कुठे सुरू होतात ते मोजलंयस का? गोळी आट्यांना टेकली असेल तर दाब एकदम चढतो. तीन, तुझा वजनकाटा.

वेगाचा नाद मात्र मनापासून सांगतो, सोडून दे. हिशोब करून बघ. गोळी ७०० ने निघाली काय आणि ७२० ने निघाली काय, दीडशे मीटरवर पडण्यात फरक दीड सेंटीमीटरचा. दीड! तुझा स्वतःचा श्वास त्याच्या चौपट हलवतो. मी माझी १०० मीटरला ५ सेंमी वर लावतो, मग दीडशेच्या आसपास ती पुन्हा रेषेवर येते आणि दोनशेला हातभर नाही, फक्त दहा-अकरा सेंमी खाली जाते. तुझ्या त्या घळीत दोनशे मीटर दिसतं तरी का? जड गोळीचं काम वजन करतं. तिची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) ०.३०५ आहे, २५० ग्रेनवालीची ०.२६७. आत जाण्याची ताकद तिथून येते. माझं काडतूस ६९५ ने जातं आणि बारा वर्षांत एकाही रेड स्टॅगने तक्रार केलेली नाही.

एक माझा मूर्खपणा सांगतो, तुझा वाचेल. सुरुवातीला मी मंद जळणारी २२०९ घेतली होती, कोणीतरी म्हणालं जड गोळीला मंद दारू. तत्त्व बरोबर आहे. पण ९.३ ची नळी रुंद, गोळीमागे जागा पटापट वाढते, आणि पुंगळी त्या मानाने मोठी नाही. तोंडापर्यंत भरली, गोळी बसवताना दारू करकर चिरडल्याचा आवाज यायचा, तरी ६८० च्या वर जाईना. डबाभर दारू शेजाऱ्याच्या .२७० ला दिली. २२०८ तू बरोबर घेतलीस.

अजून एक, मॅगझिन. या रायफलीचा धक्का असा की तू एक मारतोस तेव्हा खाली बसलेल्या तीन काडतुसांची नाकं पुढच्या भिंतीवर आपटतात. माझ्या तिसऱ्या-चौथ्या काडतुसाच्या गोळ्या जवळजवळ एक मिलिमीटर आत सरकलेल्या मी स्वतः मोजल्यात. गोळीवर खाच असेल तर तिथे हलका क्रिंप दे, म्हणजे पुंगळीचं तोंड दाबून गोळी पकड. आणि प्रयोग कर: एक काडतूस मॅगझिनच्या तळाशी ठेव, वरून पाच मार, मग त्याची लांबी मोज. बेंचवर एकेक घालून मारलेलं काडतूस आणि रानात मॅगझिनमधून आलेलं काडतूस एकच असेल असं धरून चालू नकोस.

---

फोंड्याचा_मास्तर

मी आयुष्यात एन.सी.सी.तल्या पॉइंट टू-टू शिवाय रायफल धरलेली नाही, तेव्हा दारूबद्दल बोलणार नाही. बत्तीस वर्षं मुलांना मोजमापशास्त्र शिकवलं, तेवढ्यापुरतं बोलतो.

शेट, तुझे पाच ग्रुप: ३८, ३१, २२, ४४, ५७. सरासरी ३८.४. आता समज, पाचही पायऱ्या अचूकतेच्या बाबतीत अगदी सारख्याच आहेत, काहीच फरक नाही. तरीसुद्धा तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारलेस तर ते सारखे येणार नाहीत. तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या आकारात नुसत्या योगायोगाने सरासरीच्या साधारण ३७ टक्के इतकं प्रमाण विचलन असतं. ३८.४ चे ३७ टक्के म्हणजे १४ मिमी. तुझा २२ हा सरासरीपासून सव्वा विचलनाच्या आत, ५७ सुद्धा दीडच्या आत. पाचही आकडे एकाच पोत्यातले असू शकतात. तुझा तो ‘नोड’ आहे की नाही हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. सांगितलं तर ती भविष्यवाणी.

आणि खरा ग्रुप केवढा, हे पण तीन गोळ्यांवरून लहानच दिसतं. तीन गोळ्यांची सरासरी रुंदी २.४१ सिग्मा (सिग्मा म्हणजे एका दिशेतल्या विखुरण्याचं प्रमाण विचलन), पाचांची ३.०७, दहांची ३.८१. म्हणजे तुझ्या ३८ मिमीच्या रायफलीने दहा गोळ्या मारल्या तर ६० मिमीच्या आसपास पसरतील. त्यात रायफल बिघडली असं काही नाही, ती मुळात तेवढीच होती. वेगाचंही तेच. तीन वेगांवरून काढलेलं विचलन आणि खरं विचलन यांत दुपटीचा नव्हे, सहापटीचा सुद्धा फरक पडू शकतो.

पण मला खटकलं ते वेगळंच. तू गोळ्या कुठल्या क्रमाने मारल्यास? पहिली पायरी, मग दुसरी, मग तिसरी, असंच ना? आणि भरल्यास पण त्याच क्रमाने, एका बैठकीत? मग पंधरावी गोळी मारताना नळी तापलेली, खांदा सुजलेला, आणि दारूही सर्वात जास्त. ५७ मिमी कशामुळे आला, दारूमुळे, नळीमुळे की खांद्यामुळे? तिन्ही गोष्टी एकाच दिशेने वाढत नेल्यावर वेगळ्या करायच्या कशा? पहिल्या वर्षाच्या पोरांना मी याच चुकीला शून्य द्यायचो. प्रत्येक पायरीची एकेक गोळी आळीपाळीने मारायची, म्हणजे थकवा सगळ्यांना सारखा वाटला जातो.

---

साखळीचा_शेट

मास्तर, पकडलंत. त्याच क्रमाने मारल्या. आणि खरं सांगायचं तर बारावीनंतर मी ट्रिगर ओढताना डोळे मिटत होतो, हे मलाच कळत होतं. .३०८ वरून आल्यावर हा धक्का म्हणजे कोणीतरी उखळातल्या मुसळाने खांद्यात ढुशी देतंय. पेडणेकरदादा, पुंगळ्या नव्या आहेत, सगळ्या एकाच डब्यातल्या, .३०-०६ वरून बनवलेल्या नाहीत. आटे पण मोजलेत, गोळी दीड मिमी मागे आहे. लांबी ८२ च्या थोडी वर. म्हणजे तिसरी जागा उरली, काटा. पण काटा नवा आहे, डिजिटल, रीलोडिंगसाठीचाच.

---

पेडण्याचा_किवी

नवा डिजिटल म्हणूनच विचारलं. भरण्यापूर्वी चेक वजन (खात्रीचं, माहीत असलेलं वजन) ठेवून बघितलं होतंस?

---

साखळीचा_शेट

ऐका आता. काल रात्री काय झालं ते लिहितो.

आमचं सोनाराचं दुकान, आजोबांपासूनचं, साखळी बाजारात. आता बाबा अर्धा दिवसच बसतात. जेवण झाल्यावर मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो, बाबा शेजारी सुपारी कातरत. विचारलं, कसला हिशोब. त्यांना बंदुकीत काडीचा रस नाही, पण ‘ग्रेन’ म्हटल्यावर कान टवकारले. म्हणाले, म्हणजे किती? मी म्हटलं, पंधरा ग्रेनचा ग्रॅम, थोडा जास्तच. मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, म्हणजे गुंजेचा अर्धा. जवळजवळ बरोबर आहे, गुंज पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर जाते.

मग वही हातात घेतली. वेग, ग्रुप, काही बघितलं नाही. मी भरताना बाजूला बारीक अक्षरात जे खरडलं होतं ते वाचत बसले, चष्मा कपाळावर आणि वही नाकाशी. शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

तिथे मीच लिहिलं होतं: ‘संपलं. रिकामी वाटी ठेवली, –०.६. शून्य करून बंद केला.’

म्हणजे पंचविसावं काडतूस भरून झाल्यावर रिकाम्या वाटीला काटा शून्याऐवजी उणे ०.६ दाखवत होता. मी आपला बटण दाबून शून्य केला, यंत्र बंद केलं, झोपायला गेलो. वहीत लिहिलं पण डोक्यात शिरलं नाही. बाबा म्हणाले, काटा उणे गेला म्हणजे तो कमी सांगत होता. तू त्याचं ऐकून वाटीत जास्त घालत होतास. सुरू केलास तेव्हा शून्य होता ना? मग कधीपासून सरकला? मी म्हटलं, माहीत नाही, मध्ये बघितलंच नाही. तर कातरायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. दुकानात एखाद्या पोराने असं केलं असतं तर बोलले असते.

थोड्या वेळाने विचारलं, तिथे थंडी होती काय? जुलै होता, गॅरेजमध्ये पायाशी हीटर लावून बसलो होतो. काट्यापासून दोन हातांवर. मग ते म्हणाले, दुकानात आम्ही पंखा का बंद करतो ते तू लहानपणी विचारायचास. एवढंच.

आज सकाळी हिशोब केला. ०.६ ग्रेन म्हणजे पाचवी पायरी खरं तर कमाल वजनाच्याही वर गेली होती. अर्धा ग्रेन खाली आहोत असं वाटत असताना ०.१ वर. चौथीचा वेग एकदम १२ ने उडी मारतो, आधी सहा-सात ने चढत होता, ते पण बसतं. चौथी आणि पाचवी भरताना हीटर सर्वात जास्त वेळ चालू झाला होता. तरी ७२२ पूर्ण समजत नाही, नळी आखूड असून.

---

पेडण्याचा_किवी

मॅन्युअलवाल्यांची दारूची लॉट वेगळी, नळी वेगळी, प्रायमर वेगळा. तुझी नळी थोडी घट्ट असेल तर कमाल वजन तुझ्यासाठी मॅन्युअलच्या आधीच येतं. म्हणूनच खालून सुरू करायचं असतं. कमाल हा आकडा गाठायचा नसतो.

तुझ्याकडे पुरावा पडून आहे हे लक्षात आलं का? चौथीची दोन आणि पाचवीची दोन, चार काडतुसं राखून ठेवली होतीस. गोळ्या ओढशील तेव्हा दारू फेकू नकोस. प्रत्येकाची वेगळी वाटीत काढ आणि तोल जुळवून वजन करायच्या जुन्या दांडीच्या काट्यावर मोज, विजेचा नको. कळेल कधी सरकला ते.

---

फोंड्याचा_मास्तर

आणि मोजताना चेक वजन भाराच्या जवळचं घे. वीस ग्रॅमवर काटा बरोबर निघाला म्हणजे तीन-चार ग्रॅमवर बरोबर असेलच असं नाही. दर पाच काडतुसांनंतर एकदा वाटी, एकदा वजन. शेट, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. शेवटच्या पानावरची नोंद आधी वाचणारा माणूस मला बत्तीस वर्षांत दोनदाच भेटला.

---

कुळागरवाला_सत्तरी

एवढं सगळं एका गोळीसाठी. आमच्या आज्याने ठासणीच्या बंदुकीत दारू मुठीने घातली आणि नव्वदीपर्यंत जगला. डाव्या हाताला तीन बोटं होती, ते वेगळं.

---

साखळीचा_शेट

परवा निघतोय. मास्तर, नमस्कार पोचवला. बाबांनी पेटीतली पितळी वजनं काढून दिली, एक ग्रॅमचं आणि दोन ग्रॅमचं, कागदात बांधून. म्हणाले, हाताने धरू नकोस, चिमट्याने. मी म्हटलं, विमानतळावर विचारलं तर काय सांगू? म्हणाले, सोनाराचा पोर आहे म्हणून सांग.

पुढचा बेत असा. तिसऱ्या पायरीपासून खाली दोन वजनं, प्रत्येकी दहा काडतुसं, भरताना काटा मधूनमधून तपासून, हीटर बंद. मारताना आळीपाळीने, एका दिवसात दहापेक्षा जास्त नाहीत, खांद्याला पॅड. मग मॅगझिनवाला प्रयोग. क्रिंप दोन्हींना सारखा.

---

साखळीचा_शेट

पाच आठवड्यांनी लिहितोय. चारही काडतुसांच्या गोळ्या ओढल्या. दांडीचा काटा क्लबमधल्या एका म्हाताऱ्याकडून उसना आणला, बाबांच्या वजनांनी आधी तो तपासला, बरोबर निघाला. चौथ्या पायरीत दारू ठरवल्यापेक्षा ०.३ आणि ०.४ ग्रेन जास्त. पाचवीत दोन्हींत ०.६.

तिसऱ्या पायरीची दहा मारली, दोन दिवसांत मिळून. ६४ मिमी. वेग ६९९. तिच्या खालची दहा, ६१ मिमी, वेग ६९३, आणि बोल्ट लोण्यासारखा. खालची ठेवली. मॅगझिनच्या तळाचं काडतूस पाच धक्क्यांनंतर ०.२ मिमीच सरकलं, क्रिंप कामाचा निघाला.

रात्री बाबांना फोन केला, चारही वजनं वाचून दाखवली. म्हणाले, बरं. मग विचारलं, दोन ग्रॅमचं वजन परत कागदात बांधून ठेवलंस ना?